बिछान्याची उंची

माणसाने किती वेळ निजावे, कोणत्या कुशीवर निजावे, उत्तरेकडे डोके करावे की करू नये, यांविषयी आपल्याकडे शास्त्रकारांपासून आजीबाईंपर्यंत सर्वांनी आपापली मते देऊन ठेविली आहेत. परंतु जमिनीपासून किती अंतरावर निजावे, हा प्रश्न मात्र बहुतेकांनी सुताराच्या हवाली केलेला दिसतो. सुतार पलंगाचे पाय कापतो ते हाती असलेल्या लाकडाकडे पाहून. आणि मग त्या पलंगावर पुढे चाळीस-पन्नास वर्षे माणसे जन्मतात, आजारी पडतात, बरी होतात किंवा होत नाहीत. पलंगाची उंची ही कमीजास्त करता येण्यासारखी गोष्ट आहे, असा विचार वयाची चोपन्न वर्षे उलटेपर्यंत आमच्या मनास शिवला नव्हता. तो शिवला तो आमच्या पुतण्यामुळे.

हा पुतण्या नागपुरास यंत्रशास्त्र शिकला आणि शिकून झाल्यावर चारचौघांसारखी नोकरी धरण्याऐवजी चाकांवरची घरे बांधू लागला. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून घरातील वडीलधारी मंडळी त्याच्या उद्योगाकडे जरा कमी संशयाने पाहू लागली आहेत. कारण ज्या गोष्टीस सरकारी धोरण आहे ती अगदीच पोरखेळ नसावी, अशी आमच्या पिढीची समजूत आहे. वास्तविक चाकांवरचे घर ही कल्पना काही कालची नव्हे. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारी डॉक्टराने १८८५ साली ब्रिस्टॉलच्या वाघिणींच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाचे घोड्यांनी ओढावयाचे घर खास बांधवून घेतले आणि त्यात बसून इंग्लंड-स्कॉटलंड पालथे घातले, हे आम्ही विद्यार्थिदशेत वाचले होते. पण वाचणे निराळे आणि आपल्या शेताच्या धुऱ्यावर असले घर उभे असलेले पाहणे निराळे.

पांढरकवड्याच्या पुढे, टिपेश्वर अभयारण्याच्या सुन्ना दरवाजाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे, आमची वडिलार्जित थोडी शेती आहे. गेल्या मार्गशीर्षात तूर शेंगांवर आली असता पुतण्या आपल्या जीपगाडीमागे एक ट्रेलर जोडून तेथे येऊन थडकला. "आजीला दाखवायचा आहे" असे त्याने आधीच कळविले होते. म्हणून आम्ही, सौभाग्यवती आणि आमच्या त्र्याऐंशी वर्षांच्या मातोश्री यवतमाळहून सकाळीच निघून शेतावर जाऊन बसलो होतो.

ट्रेलरच्या आत चूल होती, मोरी होती, भिंतीतून उघडणारे मेज होते. परंतु पुतण्याचा सारा अभिमान मागल्या बाजूच्या दोन खाटांवर एकवटलेला होता. दिवसा या दोन्ही खाटा एकीवर एक अशा छताशी चिकटून असतात आणि खाली बसण्याउठण्यास मोकळी जागा राहते. रात्री भिंतीवरील बटण दाबले की मोटर घुमू लागते आणि खाटा सावकाश खाली येतात. चार कोपऱ्यांत चार उभ्या पोलादी पट्ट्या असून त्यांस दाते पाडलेले आहेत; खाटेच्या कोपऱ्यांतील दातेरी चाके त्या दात्यांवरून चढतात व उतरतात. मोटर एकच; परंतु एक आडवा दंड दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडतो, त्यामुळे एक बाजू वर आणि एक खाली, असा प्रकार होत नाही. वीज लागते ती मोटारगाडीच्या बॅटरीएवढी, म्हणजे बारा व्होल्टची. बॅटरी उतरली तर मोटरच्या टोकाशी हँडल बसविण्यास भोक ठेविले आहे. तेथे हँडल लावून हातानेही काम भागविता येते. खाट चालू असताना तिच्यावर कोणी बसावयाचे नाही आणि बटण दाबण्यापूर्वी खाली वाकून पाहावयाचे, असे दोन नियम त्याने प्रथमच ऐकविले.

येथे एक बारकावा आमच्या ध्यानी आला, आणि तो आम्हांस फार आवडला. बटणाने जी हलते ती फक्त खालची खाट. वरचीला स्वतःची मोटर नाही. खालची वर जाताना वरचीला आपल्या पाठीवर घेऊन जाते. उतरताना वाटेत पट्ट्यांना लावलेल्या चार खुंट्यांवर वरची अडकून राहते आणि खालची एकटीच पुढे उतरते. म्हणजे वरच्याची उंची ठरते ती खुंट्यांवरून. ती बदलावयाची असल्यास दोन्ही खाटा वर न्याव्या लागतात, चारही खुंट्या उपसून दुसऱ्या भोकांत घालाव्या लागतात, आणि भोके चारही कोपऱ्यांत मोजून एकाच क्रमांकाची घ्यावी लागतात. एक खुंटी जरी दोन बोटे खाली बसली, तरी वर निजणाऱ्याची रात्र एका कोपऱ्याकडे घरंगळण्यात जाते.

"बोला काका, खुंट्या कुठे लावू?" पुतण्याने विचारले.

आम्ही महाविद्यालयात इंग्रजी शिकवितो. परंतु असला प्रश्न आला की आमच्यातला गणिताचा भित्रा विद्यार्थी जागा होतो. ट्रेलरच्या आतील उंची साडेसहा फूट, म्हणजे अठ्ठ्याहत्तर इंच. खालच्या खाटेची गादी जमिनीपासून अठरा इंचांवर धरली, आणि तिच्यावर माणसाला ताठ बसता यावे म्हणून छत्तीस इंच सोडले, तर झाले चोपन्न. वरच्या खाटेची जाडी गादीसकट सहा इंच, झाले साठ. उरले अठरा. अठरा इंचांत मनुष्य निजू शकतो. परंतु कूस बदलताना त्याचा खांदा छतास लागतो, आणि जागे होताना डोके. बरे, वरच्याला सव्वीस इंच द्यावेत, तर खालच्याला अठ्ठावीसच उरतात. मग बसता येत नाही ते दोघांनाही. बटण कितीही दाबा, खुंट्या कोठेही लावा. अठ्ठ्याहत्तरांचे एकोणऐंशी होत नाहीत. वरच्याला जे मिळते ते खालच्याच्या डोक्यावरून काढलेले असते. पुतण्याला हे ठाऊक नव्हते असे नव्हे. पण तो यंत्राच्या गंमतीत होता, आणि आम्ही वजाबाकीत.

आमची ही वजाबाकी चालली असता सौभाग्यवतींनी, "यांना वर नका चढवू, रात्रीतून तीनदा उतरतील," असा अभिप्राय दिला. मातोश्री पायरीवर बसून सर्व पाहत होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "खाली कोण निजणार आहे?"

पुतण्या म्हणाला, "कोणीही निजेल, आजी. उंची सांग ना." परंतु आईचा प्रश्न आमच्या मनातून काही गेला नाही. उंचीचे उत्तर देण्यापूर्वी तिला खाली कोण आहे हे जाणून घ्यावयाचे होते. पुढे विचार करता असे दिसू लागले, की ज्या ज्या ठिकाणी माणूस जमिनीवरून उचलून वर निजला आहे, त्या त्या ठिकाणी हाच प्रश्न कोणी ना कोणी आधी विचारलेला आहे.

आगगाडीचेच घ्या. अमेरिकेत जॉर्ज पुलमनने १८६५च्या सुमारास छताशी दुमडून ठेवावयाच्या वरच्या शय्येचा डबा धावता केला. त्यानंतर सर्व जगभर रेल्वेने हेच अठ्ठ्याहत्तर इंचांचे गणित आपापल्या परीने सोडविले. आमच्याकडे त्यास तीन मजले लाभले. मधला मजला हा या सर्वांत चमत्कारिक. कारण तो दिवसा अस्तित्वातच नसतो. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंतच तो उघडावा, असा नियम रेल्वेने घालून दिला आहे, आणि तो नियम मधल्यासाठी नसून खालच्यासाठी आहे. मधला उघडला की खालच्यास मान मोडून बसावे लागते. यवतमाळच्या माणसास लांबचा प्रवास करावयाचा तर धामणगाव, वर्धा किंवा बडनेरा येथे जाऊन गाडी धरावी लागते, हे आमच्या जिल्ह्याचे जुनेच प्राक्तन आहे. (मूर्तिजापूरकडे जाणारी आमची लाडकी शकुंतला होती, पण तिच्यात निजण्याची सोय नव्हती, तिच्या वेगामुळे बसल्याबसल्याच झोप येत असे, ती गोष्ट वेगळी. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा कळंबपर्यंतचा तुकडा २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झाला, ही आशेची बाजू.) त्या धामणगावच्या फलाटावरून निघून आम्ही आयुष्यातील कितीतरी रात्री मधल्या मजल्यावर घालविल्या आहेत. साडेनऊला खालचे आजोबा, "अहो, आता उघडा बुवा" म्हणतात, की आम्हांस अमृतवाणी ऐकल्याचा आनंद होतो.

रेल्वेच्या या शय्यांविषयी लिहिताना प्राध्यापक मधु दंडवत्यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारा हा मनुष्य १९७७ साली रेल्वेमंत्री झाला, आणि दुसऱ्या वर्गाच्या उघड्या लाकडी फळ्यांवर त्याने दोन इंच जाडीची गादी बसविली. दोन इंच! आमच्या व्यवसायातील किती जणांनी देशास दोन इंचांचे सुख दिले आहे, याचा हिशेब करू लागलो तर बोटे उरतील. याच्या उलट उदाहरणही स्मरते. पुढे लालूप्रसाद यादवांच्या कारकिर्दीत बाजूच्या दोन शय्यांच्या मध्ये तिसरी घुसविण्याचा प्रयोग झाला. कागदावर माणसे वाढली. डब्यात मात्र तिघांपैकी एकालाही धड निजता येईना, आणि ओरड झाल्यावर ती तिसरी शय्या काढून घ्यावी लागली.

हे सर्व पाश्चात्त्य यंत्रयुगाचे प्रश्न, असे आम्ही एके दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत म्हणालो, तेव्हा आमचे पालीचे एक स्नेही चहाचा पेला खाली ठेवून हसले. त्यांनी विनयपिटकातील पाचित्तियांचा विषय काढला. अष्टशीलातील आठवे शील उंच व मोठ्या शय्येचा त्याग करण्यास सांगते, एवढे आम्हांस माहीत होते. वर्षावासात आमच्या गल्लीतील कितीतरी बौद्ध कुटुंबांतील वृद्ध स्त्रिया हे शील पाळून त्या दिवशी भुईवर निजतात, हे पाहिलेलेही होते. पण भिक्षूंना घातलेला नियम याहून काटेकोर आहे. नवा मंचक करवावयाचा तर त्याचे पाय, खालच्या चौकटीपर्यंत, आठ सुगत-अंगुळांहून अधिक उंच नसावेत. असल्यास ते तेवढे कापून टाकावेत. उंची कमी करण्याची ही रीत पुतण्याच्या मोटरीपेक्षा निःसंशय स्वस्त आहे.

परंतु त्याहूनही दुसऱ्या एका नियमाची कथा ऐकून आम्ही सर्द झालो. एका विहारात दोन भिक्षू राहत होते; एक वरच्या माळ्यावर, एक त्याच्या खाली. माळ्याला फळ्या ठोकलेल्या नव्हत्या. वरच्याचा मंचक सुट्या पायांचा होता. वरचा भिक्षू धप्पकन मंचकावर बसला. पाय निसटला आणि खालच्याच्या डोक्यावर येऊन आदळला. खालचा ओरडला, इतर भिक्षू धावत आले, गोष्ट बुद्धांपर्यंत गेली, आणि फळ्या नसलेल्या माळ्यावर सुट्या पायांच्या मंचकावर बसू वा निजू नये, असा नियम झाला. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा दुमजली शय्येचा अपघात! आणि ध्यानात घ्या, वरच्याला काही लागले नव्हते. नियम झाला तो खालच्याच्या डोक्यावर टेंगूळ आले म्हणून.

आम्ही ही कथा घरी आईस सांगितली. तिला तीत नवल वाटले नाही. "तुझे वडील नव्हते का गाडीखाली निजत," ती म्हणाली.

खरेच की! आमच्या लहानपणी वणीस रंगनाथस्वामींच्या यात्रेला आम्ही दमणीतून जात असू. रात्री मुक्काम पडला की बैल सोडून धुरेला टेकू देत आणि गाडी सपाट करीत. आई, आत्या आणि आम्ही पोरे वर गवताच्या बिछान्यावर. वडील आणि गडी खाली दोन चाकांच्या मध्ये, घोंगडीवर. हाही दुमजली बिछानाच होता, फक्त आम्हांस तसे म्हणता येत नव्हते. त्याची उंची चाकाने ठरविलेली होती आणि तीत कोणालाही बोटभर फरक करता येत नसे. वरून आम्ही फळ्यांच्या फटीतून गवताची काडी खाली सोडावी, ती वडिलांच्या नाकाला लागावी, आणि त्यांनी खालून फळीवर टिचकी मारावी, हा खेळ झोप लागेपर्यंत चाले. त्या टिचकीने आम्हांस जी निश्चिंती वाटे, तशी पुढे कोणत्याही वातानुकूलित डब्यात वाटलेली नाही.

ट्रेलर शेतावर उभा होता त्या रात्री पुतण्या आत निजला. आम्ही आणि आमचा सालदार बराच वेळ शेकोटीशी बसलो. सालदाराचा स्वतःचा बिछाना तुरीच्या मधोमध चार बल्ल्यांवर बांधलेल्या माळ्यावर असतो. रोही आणि रानडुक्कर यांनी आमच्याकडील शेती किती कठीण करून सोडली आहे, हे शहरातील वाचकांस सांगून पटणार नाही. रात्रीतून एक कळप आला की पऱ्हाटीचे आणि तुरीचे एक तास आडवे होते. म्हणून कापणीपर्यंत कोणीतरी माळ्यावर जागावे लागते, डबा बडवावा लागतो, बॅटरीचा झोत फिरवावा लागतो. सालदाराने पुतण्याच्या खाटा वर-खाली होताना दुपारी लक्षपूर्वक पाहिल्या होत्या. माळ्याची उंची तो कशी ठरवितो, असे आम्ही त्यास विचारले.

"लई वर बांधला सर, तं झोप बेस लागते," तो म्हणाला, "पण मंग डुक्कर काय खाऊन रायलं ते ऐकूच येत नाई. अन् लई खाली बांधला, तं झोपच येत नाई. तुरीच्या वर दोन हात; त्याच्या वर नाई, खाली नाई."

झोप आणि ऐकू येणे यांच्यामध्ये त्याने आपली खुंटी ठोकली होती. मग तो थोडा वेळ गप्प राहिला आणि त्या वर्षाविषयी बोलू लागला. त्या वर्षी म्हणजे २०१८ साली. राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका जिच्यावर ठेवण्यात आला ती टी-वन वाघीण, जिला वर्तमानपत्रांनी अवनी म्हटले, २ नोव्हेंबर २०१८ रोजी रात्री बोराटीच्या परिसरात गोळीस बळी पडली. तिला मारावयास हवे होते की नव्हते, यावर मुंबई-दिल्लीपर्यंत वाद झाले. ते वाद करणाऱ्यांविषयी आम्हांस आदर आहे, आणि त्या रात्री ज्यांना माळ्यावर जावे लागत होते त्यांच्याविषयीही आहे. सालदार म्हणाला की त्या हंगामात गावोगाव माळ्यांची उंची वाढली. आणि उंची वाढली तसे डुकरांचे फावले. काही जणांनी तर माळे सोडून दिले आणि पीकही. तिच्यानंतर माळे पुन्हा हळूहळू उतरत गेले. "आता माह्या माळा पयल्यासारखा हाय," तो म्हणाला. मग उठून त्याने शेकोटीतील एक जळते लाकूड घेतले आणि काळोखात तुरीकडे चालू लागला.

वाघ तरी दिसतो आणि ऐकू येतो. भुईवर निजणाऱ्याचा खरा वैरी याहून पुष्कळ लहान आणि पुष्कळ मुकाट आहे. मण्यार रात्रीची हिंडते. उंदरापालीच्या मागे घरात शिरते, ऊब धरून अंथरुणात येते, आणि कुशीवर वळणाऱ्या माणसास चावते. तिचा दंश इतका बारीक, की पुष्कळदा झोपमोडही होत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, जीभ लुळी पडते, आणि मग श्वास. घरच्यांना वाटते काही बाधले असेल. कोणी ओवा देतो, कोणी अंगारा. आणि त्यात जी वेळ जाते ती परत येत नाही. पावसाळ्यात पहाटे असे काही झाले तर अंगावर दंशाची खूण दिसो न दिसो, सरळ मोठे रुग्णालय गाठावे, हे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना शेक्सपिअर बाजूस ठेवून दरवर्षी आषाढात सांगतो. आणि उपाय काय, तर हातभर उंचीची बाज आणि तिच्या गादीखाली चहूकडून खोचलेली मच्छरदाणी. डॉक्टरांपासून सर्पमित्रांपर्यंत सर्वांचे याविषयी एकमत आहे. ज्या घरात बाज एक आणि माणसे सहा, त्या घराला हे एकमत उपयोगी पडत नाही, एवढेच.

आईच्या माहेरी अशी एक पोर गेली होती. आईची चुलत बहीण. दोघी एका सतरंजीवर निजलेल्या. आई सकाळी उठली, ती उठली नाही. तेव्हापासून आमच्या घरात कोणी भुईवर निजावयाचे नाही, हा आईचा कायदा. वडिलांच्या अखेरच्या आजारात मात्र तिने तो स्वतःच मोडला. वडील बाजेवर, आई खाली चटईवर, अडीच महिने. आम्ही रागावलो, सौभाग्यवतींनी दुसरी बाज आणून शेजारी लावली. आईने तिच्यावर धुतलेली लुगडी ठेविली आणि स्वतः खालीच राहिली. कारण असे, की रात्री वडिलांना बोलण्याचे त्राण नसे. ते हात तेवढा बाजेखाली सोडीत, आणि तो तिच्या केसांना लागला की ती उठे. शेजारच्या बाजेवर तो पोहोचला नसता.

आता निजण्याची पाळी आईची आहे आणि खाली निजण्याची आमची. तिच्या पलंगाची, म्हणजे वडिलांच्या लग्नातील त्या सागवानी पलंगाची, उंची गादीसकट बावीस इंच. तिचे पाय त्यावरून लोंबतात. डॉक्टरांनी सांगितले, की बसल्यावर तळवे पुरते जमिनीस टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. याहून उंची अधिक तर उतरताना माणूस घसरतो, आणि कमी तर उठताना गुडघ्यांवर भार येतो. मोजून पाहिले, तिच्यासाठी हे माप सतरा इंच निघाले. पण तो दिवसाचा हिशेब. रात्री ती कूस बदलते, कधी दचकून उठते. तेव्हा जितके खाली तितके बरे. म्हणजे एकाच माणसाला दिवसा एक उंची हवी आणि रात्री दुसरी. सुताराने पाय कापले तर ते एकदाच कापता येतात. दवाखान्यातील विजेची खाट भाड्याने आणावी असेही आम्ही सुचविले; आईने त्या पांढऱ्या लोखंडाचे चित्र पाहिले आणि ते कागद सौभाग्यवतींच्या हाती परत दिले. ज्या खाटेवर माणसे दवाखान्यात मरतात तिच्यावर ती घरी निजणार नव्हती.

पुतण्याने फाल्गुनात येऊन सागवानी पलंगाचे डोक्याकडचे आणि पायाकडचे कोरीव तक्ते तसेच ठेविले. मधली चौकट सुटी करून तिला चार दातेरी पट्ट्या आणि एक लहान मोटर बसविली. बाहेरून पलंग पूर्वीसारखाच दिसतो. वरची मर्यादा सतरा इंचांवर खुंट्यांनी पक्की केली आहे. खालची किती ठेवावी, यावर मात्र तीन रात्री गेल्या. पुतण्या म्हणे दहा. डॉक्टर म्हणत बारा चालतील. आम्ही अर्थातच दोहोंची सरासरी काढीत होतो. आईने कोणाचेही ऐकले नाही. पलंगाच्या कडेस येऊन ती कुशीवर निजे, आम्हांस खाली गादीवर निजावयास लावी, आणि कोपरापासून हात सैल सोडी. बोटे आमच्या कपाळाला नुसती टेकली पाहिजेत. ताणावे लागता कामा नये आणि तळवा दुमडताही कामा नये. त्यासाठी पुतण्या बटणावर बोट ठेवून उभा. वर, जरा खाली, पुन्हा वर. शेवटी साडेतेरा इंच ठरले, आणि सौभाग्यवतींनी भिंतीवर त्या जागी कुंकवाचे बोट ओढून ठेविले.

(आमच्या गादीखालीही चार इंचांची फळी आणि वर मच्छरदाणी आहे, कायदा पूर्णपणे मोडलेला नाही. मच्छरदाणीला आईच्या बाजूस एक वीतभर चीर ठेवून तिला झडप शिवून घेतली आहे.)

चैत्रात एका रात्री वादळ झाले आणि दहाच्या आधीच वीज गेली. बॅटरीही दिवसभरात उतरली होती. सौभाग्यवतींनी कंदील लावला, हँडल बसविले आणि पलंग हाताने खाली घेतला. भिंतीवरील कुंकू कंदिलाच्या उजेडात दिसत नव्हते, म्हणून अंदाजाने थांबविला. आईने झडपेतून हात आत घातला, अंधारात चाचपडला, आणि म्हणाली, "अजून एक बोट."

सौभाग्यवतींनी आणखी अर्धा फेरा दिला.